अहवाल ‘पिण्यास अयोग्य’, फाईल व्यवस्थित, आणि वाडी तेच पाणी पितेय

उघाडी

नमस्कार मंडळी. यंदा मार्चपासून गावीच मुक्काम आहे. रत्नागिरी जिल्हा, खाडीकाठ, एवढंच पुरे. गावाचं नाव लिहिलं की चर्चा पाण्यावरून सरपंचावर घसरते, आणि मला अजून इथेच राहायचंय.

मागच्या आठवड्यात आमच्या वाडीत चार घरांत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. आशाताई आल्या, ओआरएसची पाकिटं दिली, "पाणी उकळून प्या हो" म्हणून गेल्या. पिण्याची विहीर वाडीला एकच. नळ आलेत, पण त्यांनाही त्याच विहिरीचं पाणी, टाकीत चढवून. म्हटलं विचारावं तरी, शेवटचा नमुना कधी गेला होता. ग्रामपंचायतीतल्या भाऊंनी (माणूस चांगला आहे) फाईल काढली. ऑक्टोबरातल्या नमुन्याचा अहवाल, पंच करून, नाडीत ओवून, जागच्या जागी. शेरा: ‘पिण्यास अयोग्य’.

ऑक्टोबर! त्यानंतर दिवाळी झाली, शिमगा झाला, पालखी घरोघर नाचून गेली, मुंबईकर येऊन तांब्या तोंडाला लावून गेले. वाडीत एकालाही पत्ता नाही.

"वाडीत का नाही सांगितलं?"

"वर कळवलंय ना," भाऊ म्हणाले.

हे वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. ते खोटं बोलत नव्हते. कागद जिथे जायचा तिथे गेला. फक्त विहीर खाली आहे आणि कागद वर गेला.

धोरण नाही असं कुणी म्हणू नका. जल जीवन मिशन २०१९ पासून आहे, माणशी रोज ५५ लिटर, तेही ठरलेल्या दर्जाचं. गावातल्या पाच जणींना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवायचं, तेही त्यात आहे. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा, जैविक दोनदा. निकाल संकेतस्थळावर. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) निधीतला ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच, त्यातला निम्मा पाण्यासाठीच. आमच्याकडे किट आहे, कपाटात, वेष्टनासकट. शिकलेल्या पाच जणींपैकी दोघी आता मुंबईला असतात आणि एकीचं लग्न होऊन ती चिपळूणला गेली.

त्याच कपाटाशेजारी टीसीएलची (विहिरीत घालायच्या ब्लीचिंग पावडरीची) गोण, तोंड उघडं. कपाटाची खालची पट्टी गंजून भुगा झालीय. माझ्या हिशेबाने त्या पावडरीतला क्लोरीन विहिरीपेक्षा कपाटालाच जास्त मिळालाय.

तर प्रश्न असा: अयोग्य अहवाल आला की तो किती तासांत, कुणी, कुठे सांगायचा, हे कुणाच्या गावात ठरलेलं आहे का? १ मेच्या ग्रामसभेत ठराव मांडायचा विचार आहे. काय मांडू?

काजूबोंड

सगळं सरकारने करायचं का? उकळून प्या नाहीतर आरओ लावा. आमच्याकडे सात वर्षं आहे, कसला त्रास नाही. ग्रामसभेत कोरम होत नाही तिथे ठराव काय मांडताय.

निवृत्त_नमुना

काजूबोंड, आरओवाला तुमच्याकडे पेनासारखं यंत्र घेऊन आला होता ना? पाण्यात बुडवून आकडा दाखवला असेल. तो टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार. कोकणात जांभ्यातल्या विहिरींचं पाणी मुळात हलकं असतं, बऱ्याच ठिकाणी टीडीएस शंभरच्या आसपास. भारतीय मानकात (आयएस १०५००) ५०० पर्यंत चांगलं धरतात. म्हणजे जे काढायची गरजच नाही ते काढायला आपण यंत्र घेतो आणि वर निम्म्याहून जास्त पाणी मोरीत सोडतो, तेही मे महिन्यात. आणि त्या पेनाला जंतू दिसत नाहीत. गटाराच्या पाण्याचा थेंब टाकलात तरी आकडा गोडच येईल. आरओने जंतू अडतात हे खरं, पण ते काम उकळल्यानेही होतं. शिवाय आजीचा तांब्या, शाळेतली टाकी, गोठा, हॉटेल, सगळ्यांना आरओ कुठून आणणार?

उघाडी, तुमच्या धाग्यावर सविस्तर लिहिते. माझी पूर्ण नोकरी पाण्याच्या बाटल्यांत गेली. रात्री बसते.

चिरेबंदी

धागा चांगला, पण जंतू येतात कुठून ते कुणीच विचारलं नाही. मी बांधकामातला. विहिरी बांधल्यात, संडासाच्या टाक्याही बांधल्यात, दोन्ही पापं माझ्याच नावावर.

आपला जांभा म्हणजे वारूळ. वरून टणक कातळ दिसतो, आत सगळी भोकं आणि नळ्या. पाऊस तीन हजार मिलिमीटर पडतो तो त्यातूनच खाली उतरतो, खाली शेडी (चिकण माती) लागली की अडतो आणि उताराला धरून वाहत विहिरीत नाहीतर पऱ्याला (ओढ्याला) येतो. म्हणूनच जुलैत विहिरी काठोकाठ आणि एप्रिलात तळ. पाणी ज्या वाटेने येतं त्याच वाटेने बाकीचंही येतं. मातीत पाणी मुरताना गाळलं जातं, कातळाच्या नळीत गाळायला काही नसतं.

आता टाकी. कोकणात अभिमानाने सांगतात, "आमची टाकी वीस वर्षांत एकदा पण भरली नाही हो!" अहो, भरणार कशी, तिला तळच नाही. चार बाजूंनी चिरे लावले, वर लादी टाकली, तळ तसाच. पैसे वाचतात आणि उपसायची कटकट नाही. ‘सेप्टिक टँक’ असं एस्टिमेटमध्ये लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात तो झाकलेला खड्डा. कागदावर विहिरीपासून दहा-पंधरा मीटर अंतर ठेवलेलं असतं. मातीच्या गावात ते चालेल. कातळावर मीटर मोजून उपयोग नाही, टाकी विहिरीच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या, ते बघायला हवं. आणि विहीर तर वाडीच्या सगळ्यात खालच्या अंगाला, कारण पूर्वजांनी पाणी बघून खणली. तेव्हा वर संडास नव्हते.

२०१६ साली सिंधुदुर्ग स्वच्छ जिल्ह्यांच्या यादीत देशात वर होता, हागणदारीमुक्त झाला, त्याचा आनंद मलाही आहे. पण मोजणी झाली ती संडासांची. टाकीला तळ आहे का, हा रकाना कुठल्या फॉर्मात मी अजून पाहिला नाही.

ठरावात हे घाला: नवीन घराचा नंबर देण्याआधी ग्रामपंचायतीच्या माणसाने टाकीचा तळ डोळ्यांनी बघायचा, लादी पडण्याआधी. पाच मिनिटांचं काम. पण या धंद्यातले माझे मित्र मला वाळीत टाकतील.

काजूबोंड

आणि तळ घातलेली टाकी भरली की उपसायची गाडी कुठून आणणार? आमच्या घराला पाखाडीच्या ऐंशी पायऱ्या आहेत.

चिरेबंदी

हा खरा प्रश्न आहे, मान्य. गाडी शहरात असते, ती येईल तर मुख्य रस्त्यापर्यंत, तिथून लांब पाइप टाकावा लागतो. एका गावाला परवडत नाही. पाच-सहा गावांनी मिळून एक गाडी ठेवली तर जमेल, आणि उपसलेलं कुठल्या तरी पऱ्यात ओतणार नाही याचीही सोय लागेल. माझ्याकडे उत्तर तयार नाही.

निवृत्त_नमुना

बसले एकदाची.

आधी नमुन्याचं. जैविक तपासणीची बाटली निर्जंतुक असते, आत थोडं सोडियम थायोसल्फेट. पाण्यात क्लोरीन असला तर तो तिथेच मारायला, नाहीतर वाटेत जंतू मरतात आणि निकाल खोटा चांगला येतो. बाटली बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी, फार तर २४ तासांत पोचायला हवी. आता तुमची वाडी, दुपारची एसटी, तालुक्याचं ठिकाण आणि मध्ये आलेला रविवार, तुम्हीच जुळवून बघा. एकदा माझ्याकडे सहा वाड्यांच्या सहा बाटल्या आल्या, सगळ्यांचे आकडे सख्ख्या भावंडांसारखे. लेबलं वेगळी, नळ एकच. त्या माणसावर मी चिडले नाही. त्याच्या मानधनात सहा वाड्यांचं पेट्रोलही बसत नव्हतं.

मानक साधं आहे, १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय आढळता कामा नये. थोडा आढळला तर चालेल, असा प्रकार नाही.

दुसरं, वेळ. जैविक तपासणी पावसाआधी आणि पावसानंतर. कोकणात विहीर सगळ्यात घाण कधी असते? जूनच्या पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींत. आठ महिने कातळावर, गोठ्याबाहेर, टाक्यांच्या बुडाशी जे साठलं ते एका आठवड्यात धुऊन खाली येतं. एप्रिलचा नमुना त्याच्या आधी, ऑक्टोबरचा पार नंतर. मधल्या पूर्ण पावसाळ्याचा कागदच नाही. दोनदा ही किमान अट आहे, तिसऱ्यांदा करायला कुणी अडवलेलं नाही. ठरावात ‘पहिल्या मोठ्या पावसानंतर आठ दिवसांत एक नमुना’ एवढं घालून घ्याच.

तिसरं, टीसीएल. इथे माझा जीव तुटतो. पावडर किती घालता असं विचारलं की कोकणभर एकच उत्तर, "दोन मुठी." मे महिन्यातही दोन मुठी, जुलैतही दोन. आता हिशेब बघा. ताज्या पावडरीला १००० लिटरला ५ ग्रॅम हे माप. विहीर ३ मीटर व्यासाची धरा. मे महिन्यात पाणी २ मीटर, म्हणजे सुमारे १४ हजार लिटर, पावडर ७० ग्रॅम. जुलैत पाणी ६ मीटर, म्हणजे ४२ हजार लिटर, पावडर २१० ग्रॅम. त्यात पाणी गढूळ असेल तर क्लोरीन त्या गाळातच संपतो, अजून लागते. म्हणजे दोन मुठींनी मे महिन्यात पाण्याला वास मारतो, लोक शिव्या घालतात, आणि जुलैत खरी गरज असते तेव्हा काहीच होत नाही. विहिरीच्या आतल्या भिंतीवर रंगाने मीटरच्या रेघा मारा आणि प्रत्येक रेघेसमोर ग्रॅम लिहून टाका. रंगाचा छोटा डबा पुरतो. यासाठी कुठल्या आयोगाची गरज नाही.

आणि पावडर थेट टाकायची नाही. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी विहिरीत ओतून बादली चार वेळा खालीवर करायची. अर्धा तास कुणी पाणी भरायचं नाही. मग ओटीचे (क्लोरीन तपासायचे) थेंब टाकून पिवळा रंग येतो का ते बघायचं. वापराच्या टोकाला, म्हणजे शेवटच्या नळाला, लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. शेवटचा नळ म्हणतेय मी, टाकीजवळचा नव्हे. रोजच्या वापराच्या विहिरीला वाळू-पावडर भरलेलं भोक पाडलेलं मडकं सोडतात, ते उत्तम, पण ते भरायला कुणीतरी नेमाचा माणूस हवा.

गोणीचं तोंड बांधा हो. ताज्या पावडरीत तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, दमट हवेत उघडी राहिली की उरतो तो चुना.

आवाठातलो

आमच्याकडे सिंधुदुर्गात पण ह्याच. जलसुरक्षक म्हणून आमचो शेजारीच आसा. पावडर घातली काय म्हातारी तोंड वाकडा करता, म्हणता "बावीचा पाणी नासवल्यान मेल्यान." मगे तो बिचारो रात्रीचो जावन घालता, चोरासारखो.

(बाकीचं प्रमाणभाषेत लिहितो.) पंचायतीच्या भिंतीवर पाण्याच्या जोखमीचं हिरवं कार्ड फ्रेम करून लावलंय. जोखीम ३० टक्क्यांच्या आत म्हणजे हिरवं, ७० आणि वर लाल, मधे पिवळं. मी विचारलं, हिरवं कार्ड आणि अयोग्य नमुना एकाच वर्षी कसे? तर कार्ड पाहणीवर मिळतं: विहिरीला कठडा आहे का, भोवती सांडपाणी साचतं का, पावडरीचा साठा आहे का. साठा आहेच की. तो वापरला का, हा वेगळा प्रश्न. लोक मात्र हिरवं कार्ड म्हणजे पाणी चांगलं असंच समजतात.

भरती_ओहोटी

सगळे विहिरीवरच बोलताय म्हणून लिहितो. आमचा धंदा खाडीतला. महाडची सावित्री, रोह्याची कुंडलिका, लोटेजवळची वाशिष्ठी, या नद्यांच्या काठी रासायनिक वसाहती आहेत आणि खाड्या त्यांच्या शेवटी. १९७४ पासून जलप्रदूषणाचा कायदा आहे. सांडपाण्याची मर्यादा ठरलेली आहे, बीओडी ३०, सीओडी २५० (दोन्ही पाण्यातली घाण मोजायची मापं). आकडे आम्हाला पाठ झालेत, शाळा नववीपर्यंत.

अडतं कुठे सांगतो. मासे मरून वर आले की आम्ही बाटली भरून ठेवतो. ती बाटली कोर्टात चालत नाही. नमुना अधिकाऱ्याने घ्यायचा, जागेच्या ताबेदाराला नोटीस देऊन, त्याच्यासमोर, दोन भाग करून, सील लावून. कायद्यात तसं आहे आणि त्यात चूकही काही नाही. पण ओहोटीला आलेलं पाणी अधिकारी येईपर्यंत भरतीत मिसळलेलं असतं. नमुना चांगला येतो. मग आम्ही खोटे. टीसीएलने हे सुटत नाही, ताई.

उघाडी

भरती_ओहोटी, तुमचं दुखणं वेगळं आहे, औषधही वेगळं. पण खोड एकच दिसते: तपासणारा आणि भोगणारा यांच्यात अंतर फार. तुमच्यासाठी स्वतंत्र धागा काढा ना, इथे चार ओळींत गुदमरेल. कायद्याची माहिती असलेले इथे दोघे-तिघे आहेत.

बोरिवली_फास्ट

चाकरमानी लोकांवर राग दिसतोय, म्हणून आमची बाजू. आम्ही मे महिन्यात येतो तेव्हा वाडीची लोकसंख्या दुप्पट होते हे खरं. पण किनाऱ्याच्या गावांत आता वर्षभर होमस्टे आहेत, प्रत्येकाची बोअर, प्रत्येकाचा पंप. आमच्या घराची विहीर वडिलांच्या लहानपणी गोड होती, आता एप्रिल लागला की मचूळ. चहा फाटतो. समुद्राजवळ गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं: समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली साधारण ४० मीटर गोडं असतं. उलट हिशेबही तोच. उपसा करून वरचा एक मीटर घालवलात की खालून ४० मीटर खारं वर सरकतं. राज्याच्या १९९३ च्या भूजल कायद्यातच सार्वजनिक पिण्याच्या विहिरीच्या ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेता येत नव्हती. नंतर २००९ चा भूजल अधिनियम आला. आमच्या विहिरीपासून हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरात चार बोअर आहेत. एक माझ्या चुलत्याची आहे, म्हणून मी गप्प.

चिरेबंदी

हे शेवटचं वाक्य सगळ्यात खरं. कोकणात पाण्याची तक्रार करायची म्हणजे भावकीत तक्रार करायची.

आवाठातलो

उघाडी, ग्रामसभेचं काय झालं? आज ३ तारीख.

उघाडी

झाली. आधी कोरम नव्हता. मग पाठवलं पोरांना वाडीवाडीत, "पाण्याचं आहे" म्हणून. बायका आल्या, आणि त्या आल्या म्हणून कोरम झाला.

मी अहवाल वाचून दाखवला. एक मिनिट कुणी बोललं नाही. मग ज्यांच्याकडे नातू आजारी होता त्या काकू उठल्या आणि भाऊंना म्हणाल्या, "मेल्या, रोज माझ्या अंगणातून जातोस, हाक मारली असतीस तर काय झालं असतं?" भाऊंची मान खाली. मला वाईट वाटलं, कारण त्यांच्या कामाच्या यादीत हाक मारणं नाहीच.

ठराव असा झाला. अहवाल आला की दुसऱ्या दिवशी विहिरीवरच्या फळ्यावर आणि शाळेत लिहायचा. टीसीएलची रेघ-ग्रॅम पाटी मारायची (ताई, तुमचं गणित मी जसंच्या तसं वाचून दाखवलं, शाळेच्या गुरुजींनी तिथेच तपासून बघितलं). पहिल्या पावसानंतर एक नमुना. किट कपाटातून काढून बचत गटाकडे. टाकीच्या तळाचा मुद्दा मांडला आणि अर्धी सभा उठून पाणी प्यायला गेली. तो राहिला.

भांडण झालं ते एका शब्दावरून. फळ्यावर ‘पिण्यास अयोग्य’ लिहायला होमस्टेवाल्या तिघांचा विरोध. म्हणे पर्यटक फोटो काढून टाकतील, धंदा बसेल. शेवटी ‘उकळून प्यावे’ लिहायचं ठरलं. मला पटलेलं नाही. उकळून प्यावे हे आजी रोजच सांगते, त्यात बातमी कुठे आहे? पण ठराव पडण्यापेक्षा बरं म्हणून गप्प बसलो. चुकलो का?

काजूबोंड

नाही चुकलात. माझं आधीचं लिहिणं जरा जास्त झालं. एक विचारतो, ते किट घरी आणता येतं का? आमच्या विहिरीचं बघायचं होतं. आरओ आहे, पण गुरं आणि गडीमाणसं विहिरीचंच पितात.

निवृत्त_नमुना

येतं. जंतूंसाठी किटमध्ये छोटी बाटली असते, एचटूएसची. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, सावलीत उबेला ठेवायची. २४ ते ४८ तासांत काळी झाली तर विष्ठेचे जंतू असण्याची शक्यता धरा आणि प्रयोगशाळेत नमुना द्या. सरकारी प्रयोगशाळा सामान्य माणसाचाही नमुना घेतात, माफक दरात. भरण्याआधी हात धुवा आणि बाटलीच्या तोंडाला बोट लावू नका, नाहीतर स्वतःचीच तपासणी कराल.

उघाडी, तडजोड ठीक आहे, पण फळ्यावर तारीख हवीच. नमुना घेतल्याची वेगळी आणि अहवाल आल्याची वेगळी. दोन तारखा शेजारी शेजारी दिसल्या की लोक आपोआप विचारतात.

काजूबोंड

काल सकाळी भरली होती. आज दुपारी जेवून उठलो आणि बघितली. काळी.

निवृत्त_नमुना

घाबरू नका. मडकं सोडा, माप मी सांगते. विहिरीचा व्यास आणि आत्ताचं पाणी किती, मोजून लिहा. आणि वरच्या अंगाला कुणाची टाकी आहे ते बघून ठेवा.

काजूबोंड

व्यास साडेतीन मीटर. पाणी दीड मीटर असेल. टाकी आमचीच आहे.